काकांचे पुठ्ठे, काकूचं रक्त

मागच्या महिन्यात आमच्या लॅबमध्ये एक पोरगा आईला घेऊन रिपोर्ट न्यायला आला. सव्वीस-सत्तावीसचा असेल, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. सकाळी उठलं की तासभर कंबर आखडलेली, वाकता येत नाही, कामाला लागला की मग हळूहळू मोकळं होतं. डॉक्टरांनी एचएलए-बी २७ या जीनची टेस्ट लिहून दिली होती. ही टेस्ट आम्ही इथं करत नाही, सॅम्पल मुंबईला जातं आणि रिपोर्ट मेलवर येतो. पॉझिटिव्ह आला होता. आईनं कागद उलटासुलटा करून बघितला आणि मला विचारलं, "म्हणजे ही खोट आमच्या घराण्यातनं आली का ओ मॅडम?"

मी नेहमी सांगते तेच सांगितलं, की हा जीन खूप लोकांच्यात असतो, त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही, तुम्ही डॉक्टरांना दाखवा, औषधं आहेत. ती गेली. पण 'खोट' हा शब्द दिवसभर डोक्यात राहिला, कारण ज्या बी २७ ला ती खोट म्हणत होती तोच बी २७ दुसऱ्या एका आजाराच्या बाबतीत नशिबानं मिळावा असा जीन आहे, आणि तो आजार म्हणजे एचआयव्ही. हे तिला कसं सांगणार? कंबरदुखीच्या पोरासमोर एचआयव्हीचं नाव काढलं असतं तर बाई तिथंच खाली बसली असती. म्हणून इथं लिहितेय. आणि लिहायचंच तर मग काका-काकूचं लिहायला लागेल. काकूला विचारलंय. नाव टाकू नको एवढंच म्हणाली.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. लहानपणी सकाळी जाग यायची ती मागांच्या खडखडाटानंच, उलट माग बंद पडले की झोप उडायची, लाइट गेली वाटतं म्हणून. काका चादरीचे पुठ्ठे पाडायचे. ज्यांनी जॅकार्डचा माग जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. मागाच्या वर पुठ्ठ्यांची एक लांब माळ फिरत असते, प्रत्येक पुठ्ठ्याला ठरलेल्या जागी भोकं. एक पुठ्ठा म्हणजे एक आडवा धागा. जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते आणि तिथला उभा धागा वर उचलला जातो, जिथं नाही तिथला खालीच राहतो, मधून धोटा पळतो, मग पुढचा पुठ्ठा. असे शेकडो पुठ्ठे फिरले की एक मोर तयार होतो. काका चौकटीच्या कागदावर रंगवलेली नक्षी बघून एकेक भोक पाडायचे, तोंडानं काहीतरी मोजत, मधेच हाक मारली की चिडायचे कारण मोजणी चुकायची. एकदा चुकलीच. एक भोक राहून गेलं आणि मोराचा डोळाच आला नाही, आणि पुठ्ठे फिरून फिरून तेच ते येत असल्यामुळं त्या लॉटमधल्या एकाही मोराला डोळा नव्हता. व्यापाऱ्यानं माल परत केला. त्यातली एक चादर अजून आमच्याकडं आहे.

काका १९९९ च्या श्रावणात गेले. मी दहावीत होते. १९९६ मध्ये एचआयव्हीची टेस्ट पॉझिटिव्ह आली होती, म्हणजे आम्हाला कळल्यापासून तीन वर्षं. आधी टीबी, मग जुलाब, मग तोंडात पांढरा थर, पाणीसुद्धा गिळवेना. एका दवाखान्यात त्यांची कॉट वऱ्हांड्यात जिन्याखाली टाकली होती आणि वॉर्डबॉय ताट जमिनीवर ठेवून पायानं पुढं सरकवायचा. हे मी डोळ्यानं बघितलंय. काकांनी त्या दिवशी ताटाला हात लावला नाही आणि आम्ही घरून नेलेली भाकरीसुद्धा खाल्ली नाही.

ते गेल्यावर काकूची तपासणी झाली. तीही पॉझिटिव्ह. मुलगा तीन वर्षांचा, तो निगेटिव्ह. काकू तेव्हा अठ्ठावीसची, आणि सगळ्या गल्लीनं मनात तिचेही दिवस मोजायला सुरुवात केलेली. पण काकूला काही होईना. वर्ष गेलं, पाच वर्षं गेली. ती कारखान्यातनं पानं-तंबाखू आणायची, मांडीवर सूप घेऊन हजार विड्या वळायची, पोराला शाळेत सोडायची, गड्ड्याच्या यात्रेत त्याला पाळण्यात बसवायची. साधा ताप यायचा तो आम्हा सगळ्यांना येतो तसा यायचा आणि जायचा.

लोकांची जीभ दोन्हीकडून चालते, हे मी तेव्हा शिकले. काका तीन वर्षांत संपले म्हणून लोक म्हणाले, किती लफडी केली असतील बघा, त्याशिवाय एवढ्या लवकर नाही होत. आणि काकू जगली म्हणून म्हणाले, हिनंच नवऱ्याला खाल्लं, ही बघा कशी ठणठणीत. म्हणजे लवकर गेला तरी दोष त्याचा, नाही गेली तरी दोष तिचा. आमची आजीसुद्धा काकूशी पाच-सहा वर्षं नीट बोलली नाही.

पुढं मी मायक्रो घेऊन बीएस्सी केलं, मग डीएमएलटी, म्हणजे लॅबचा कोर्स, आणि पहिल्या नोकरीत एचआयव्ही तपासायच्या एलायझाच्या प्लेटा लावताना हा प्रश्न काही सुटेना की विषाणू तोच, घर तेच, ताटातलं अन्न तेच, मग एक माणूस तीन वर्षांत जातो आणि एक वर्षानुवर्षं जगतो हे कसं. कारण औषधाशिवाय साधारण हिशोब असा असतो की लागण झाल्यापासून एड्सपर्यंत दहाएक वर्षं जातात, पण काहींना दोन-तीनच मिळतात आणि थोड्यांना वीस वर्षांनीही काही होत नाही. काकांना लागण नेमकी कधी झाली होती ते कोणालाच माहीत नाही, पण त्यांचं शरीर ज्या वेगानं कोसळलं ते मी बघितलं होतं.

याचं पहिलं ठोस उत्तर १९९६ मध्येच मिळालं होतं, म्हणजे काकांचा रिपोर्ट आला त्याच वर्षी. एचआयव्ही पांढऱ्या पेशीत शिरतो तेव्हा त्याला दोन कड्या लागतात, एक सीडी ४ आणि दुसरी बहुतेक वेळा सीसीआर ५. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्ह क्रोन नावाचा माणूस होता. त्याचा जोडीदार १९८२ मध्ये, या रोगाबद्दल जगाला धड काही कळलंही नव्हतं तेव्हा, गेला. मग मित्र गेले, एकामागून एक, आणि याला काहीच होईना. तो स्वतःच संशोधकांकडं गेला, माझं रक्त तपासा म्हणाला. प्रयोगशाळेत त्याच्या पेशींवर ढीगभर विषाणू सोडला तरी आत शिरेना. सीसीआर ५ च्या जीनमधली ३२ अक्षरं त्याच्यात नव्हती, आणि आईकडून-वडिलांकडून मिळालेल्या दोन्ही प्रतींमध्ये नव्हती, त्यामुळं दुसरी कडी पेशीवर येतच नव्हती. मोराचा डोळा न आल्यासारखं. एक भोक राहून गेलं आणि त्या राहून जाण्यानंच माणूस वाचला.

पुढं बर्लिनमध्ये टिमोथी ब्राऊनला रक्ताचा कॅन्सर झाला, त्याला एचआयव्हीपण होता, डॉक्टरांनी मुद्दाम अशा दोन्ही प्रतीत ३२ अक्षरं नसलेल्या दात्याचा बोनमॅरो शोधून २००७ मध्ये बसवला आणि त्याचा एचआयव्ही गेला. जगातला पहिला बरा झालेला माणूस. क्रोनचं मात्र मला फार लागतं. २०१३ मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं, ६६ वर्षांचा होता. त्याच्या मनात काय होतं ते मला माहीत असल्याचा आव मी आणणार नाही, पण ज्यांच्याबरोबर म्हातारं व्हायचं ते सगळे आधीच गेलेले असताना मागं उरणं म्हणजे काय ते मी आमच्या घरात बघितलंय. काकू कितीतरी वर्षं हळदीकुंकवाला सोडाच, बारशालाही गेली नाही.

पण काकूच्या बाबतीत हा जीन उत्तर नाही. हा ३२ अक्षरं गळालेला प्रकार उत्तर युरोपात बऱ्यापैकी आढळतो, तिथंही दोन्ही प्रती तशा असणारे शंभरात एखादेच, आणि आपल्या भारतात तर तो फारच दुर्मिळ. शिवाय काकूला लागण झालेली होती, म्हणजे दार उघडंच होतं. विषाणू घरात शिरला होता पण त्याला घर लुटता आलं नाही, असं तिचं होतं.

इथं एचएलए येतं, म्हणजे त्या पोराच्या रिपोर्टवरचं तेच. आपल्या सहाव्या गुणसूत्रावर हा जीनचा झुबका असतो, एक संच आईचा, एक वडिलांचा. त्यातले ए, बी आणि सी हे तीन, दोन्हीकडून मिळून जास्तीत जास्त सहा प्रकार. यांचं काम असं की पेशीच्या आत जे काही प्रथिन बनतंय त्याचे बारीक बारीक तुकडे, आठ-दहा अमिनो आम्लांचे, उचलायचे आणि पेशीच्या बाहेर आणून दाखवायचे. बाहेर मारेकरी टी पेशी फिरत असतात, त्या तो तुकडा बघतात, आपला असेल तर पुढं जातात, परका असेल तर ती पेशीच मारून टाकतात. आता कुणाचा एचएलए कुठला तुकडा उचलेल हे त्याच्या खाचेच्या आकारावर असतं, आणि तो आकार जन्मानं मिळतो.

एचआयव्ही सारखा रूप बदलतो, दाखवलेला तुकडा बदलून टाकला की टी पेशींना तो ओळखू येत नाही. पण विषाणूच्या आत त्याचं जे कवच असतं, गॅग प्रथिनाचं, त्याचे काही भाग असे आहेत की तिथं बदल केला तर कवचच नीट जुळत नाही, विषाणू लुळा पडतो. बी ५७ आणि बी २७ या बी च्या दोन प्रकारांच्या खाचेत नेमके हेच तुकडे बसतात. म्हणजे पळायला जावं तर पाय मोडतो आणि थांबावं तर पकडला जातो, असं विषाणूचं होतं. २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये एक मोठा अभ्यास आला, औषधाशिवाय विषाणू दाबून ठेवणारे सुमारे हजार लोक एका बाजूला आणि ज्यांचा आजार वाढत गेला असे अडीच हजारांहून जास्त लोक दुसऱ्या बाजूला, सगळ्यांचा अख्खा जीनोम चाळला, आणि फरक दाखवणाऱ्या तीनशेहून जास्त जागा सापडल्या त्या सगळ्या या एचएलएच्या भागातच. त्यातही शेवटी मुद्दा आला तो बी च्या खाचेतल्या मोजक्या अमिनो आम्लांवर. मी तो पेपर पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, आणि वाचून मी रडले होते हे सांगायला मला काही वाटत नाही. खाचेतली चार-पाच अमिनो आम्लं! आणि आमच्या गल्लीनं त्याच्यावरून माणसाचं चारित्र्य ठरवलं होतं.

उलट्या बाजूचेही प्रकार आहेत. बी ३५ चे काही प्रकार असणाऱ्यांचा आजार भराभर वाढतो. आणि १९९९ मध्ये, काका गेले त्याच वर्षी, हे पुढं आलं की ज्यांना आई-वडिलांकडून एखादा एचएलए सारखाच मिळालाय, म्हणजे सहाच्या जागी पाच किंवा चारच प्रकार, त्यांचाही आजार लवकर वाढतो. दाखवायला तुकडेच कमी पडतात. आता हे वाचून मी बराच वेळ गप्प बसले, कारण आमचे आजी-आजोबा एकमेकांचे मामे-आते भावंडं. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न ही नवलाची गोष्ट नाही, आणि अशा घरात दोन्हीकडून एकच संच खाली येण्याची शक्यता वाढते. काकांच्यात तसं होतं का याचा पुरावा माझ्याकडं नाही आणि मी तसा दावा करत नाही. पण आजी तेव्हा हयात होती आणि मी तिला यातलं एक अक्षर सांगितलं नाही. तिनं मरेपर्यंत हेच मनाला लावून घेतलं होतं की मी पोराला नीट वळण लावलं नाही. त्यात आणखी एक भर मला घालायची नव्हती.

आईकडून मुलाला जे जातं त्याचाही एक भाग आहे, तो मला सगळ्यात चटका लावतो. मूल आईचा अर्धा एचएलए घेऊन येतं. आईच्या शरीरात वर्षानुवर्षं राहिलेला विषाणू आईच्या एचएलएला चुकवायला आधीच शिकलेला असतो, म्हणजे बाळाला तो लागला तर आईकडून मिळालेली ती अर्धी ढाल त्याच्यापुढं बोथट झालेली असते. आई बी २७ ची असली आणि विषाणूनं तिच्यात त्यातून वाट काढलेली असली, तर बाळाला बी २७ मिळूनही त्याचा फायदा होत नाही. कुलूपही आईचं आणि ते उघडायला शिकलेला चोरही तिच्याच घरातला. औषधं नसताना एचआयव्ही असलेल्या आईच्या शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण व्हायची, दूध पाजण्यातून होणारी धरून. म्हणजे निम्म्याहून जास्त सुटायची. आमचा धाकटा, म्हणजे काकूचा मुलगा, त्या सुटलेल्यांतला, काकूनं त्याला दीड वर्ष अंगावर पाजलेलं, तेव्हा तिला स्वतःला काही माहीतच नव्हतं.

हे सगळं वाचून जीन म्हणजेच सगळं असं कुणी समजू नये. रक्तात विषाणू किती राहतो यातला माणसा-माणसातला जो फरक आहे, त्यातला साधारण पाव हिस्साच या वारशानं समजतो. बाकी विषाणूचा स्वतःचा स्वभाव, वय, सोबतचे आजार, बऱ्याच गोष्टी. आणि कुठलाच प्रकार निव्वळ चांगला नाही. बी २७ मणका आखडवतो. बी ५७ च्या एका प्रकारात अबॅकॅविर हे एचआयव्हीचंच औषध दिलं तर जिवावर बेतणारी रिॲक्शन येऊ शकते. सीसीआर ५ नसलेल्यांना वेस्ट नाईलचा ताप जास्त जड जातो. म्हणूनच २०१८ मध्ये चीनमध्ये हे जियानकुई नावाच्या शास्त्रज्ञानं लॅबमधल्या भ्रूणातच हा जीन कापून बाळं जन्माला घातली तेव्हा मला राग आला होता, त्याला पुढं तुरुंगवास झाला ते बरंच झालं. आपण चादरीचा पुठ्ठा बदलतोय का? माणूस आहे तो.

आता काकूच्या गोळ्यांचं. सरकारी मोफत औषधं १ एप्रिल २००४ पासून सुरू झाली, पण तेव्हा नियम सीडी ४, म्हणजे ती कडी असलेल्या पांढऱ्या पेशींची रक्तातली मोजणी, दोनशेच्या खाली गेल्यावरचा होता. २००६ मध्ये काकूचा सीडी ४ पहिल्यांदा मोजला तो साडेसातशेच्या पुढं. सिव्हिलमधल्या ताई म्हणाल्या, तुम्हाला गोळ्या नकोत, दर सहा महिन्यांनी या. काकू अकरा वर्षं अशी जात राहिली. पुस्तकात अशांना लाँग टर्म नॉन-प्रोग्रेसर म्हणतात. काकू म्हणायची सिद्धरामेश्वरानं ठेवलंय. २०१७ मध्ये नियम आला की पॉझिटिव्ह आहे त्या प्रत्येकाला गोळ्या, सीडी ४ कितीही असो. काकूनं साफ नाही म्हटलं.

मी रविवारी गेले. ती दारात बसून पानावर पत्र्याचा तुकडा ठेवून कात्रीनं कापत होती, मान वर न करता.

"मला काय झालंय गं? अठरा वर्षं झाली. ज्याला पायजे होत्या त्याला मिळाल्या न्हाईत, आता मला कशाला?"

याच्यावर मी काय बोलणार होते? बराच वेळ नुसती पानं पुसत बसले. मग सांगितलं, जेवढं सांगता येईल तेवढं. की तुझं शरीर त्याला दाबून धरतंय, पण दाबून धरायलाही रोज ताकद लागते, आत सतत आग धुमसत राहते, त्यानं हृदयावर परिणाम होतो. की २०१५ मध्ये एक मोठी चाचणी झाली, सीडी ४ पाचशेच्या वर असणाऱ्यांना लगेच गोळ्या दिल्या तर मोठ्या आजाराचा आणि मृत्यूचा धोका निम्म्याहून जास्त कमी झाला. की विषाणू कधीही वाट काढू शकतो, बी ५७ वाल्यांच्यातही काढतो. आणि काकांचं जे झालं ते त्यांच्या वागण्याच्या मापानं झालं नाही आणि तुझं जे झालं नाही ते त्यांच्या आयुष्यातनं कापून घेतलेलं नाही. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं. तिनं कात्री खाली ठेवली.

"म्हंजे मी त्येनला खाल्लं न्हाई."

"नाही काकू."

"हे तुमच्या पुस्तकात लिवलंय?"

"लिहिलंय."

ती उठून आत गेली, चहा टाकला. दोन आठवड्यांनी सिव्हिलला जाऊन गोळ्या सुरू केल्या. आता रात्री नऊला एक गोळी, मोबाइलला अलार्म लावलाय. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, इतका खाली की मशीनला सापडत नाही.

परवा त्या पोराच्या रिपोर्टचं तिला सांगितलं, नाव न घेता, कंबरेचा जीन आणि हा जीन एकच म्हणून. तिला ते फार नवल वाटलं. मग म्हणाली, "त्यांचं कसलं होतं ते आता कळंल का गं?" मी म्हटलं काकांचं रक्त आता कुठंच नाही, पण धाकट्यात त्यांचा अर्धा संच आहे, त्याचं तपासलं आणि तुझं तपासलं तर तुझा वजा करून त्यांचा एक भाग निघेल. धाकट्याची मुलगी चार महिन्यांची, ती आतल्या खोलीत त्या बिनडोळ्याच्या मोरांच्या चादरीवर झोपली होती. काकू तिकडं बघत राहिली.

"नगं," म्हणाली. "ऱ्हाऊ दे. त्याच्यात हायत न्हवं, बास झालं."

मग गोळ्यांची डबी उघडून मोजल्या.

"सहाच राह्यल्या. मंगळवारी सिव्हिलला जायचंय, येतीस का सोबत?"